खाजकुहिली आणि कंपवात

कार्तिक लागला म्हणजे कोकणात व सह्याद्रीच्या उतारावर कुंपणाकुंपणांवरून उदी रंगाच्या, मखमलीसारख्या लवदार शेंगांनी लगडलेली एक वेल दिसू लागते. गुराखी पोरे तिच्या वाटेला जात नाहीत, कारण शेंगेवरील कुसे अंगाला लागली की असह्य आग व खाज सुटते. ही खाजकुहिली होय. संस्कृतात तिला कपिकच्छू व आत्मगुप्ता अशी नावे आहेत. आत्मगुप्ता म्हणजे आपले रक्षण आपणच करणारी. मनुष्याच्या मेंदूचे रक्षणही तिच्या हातून होईल काय, असा प्रश्न आता विचारला जात आहे. शेतकरी बांधवांच्या दृष्टीने या प्रश्नाला दोन अंगे आहेत: एक पिकाचे व दुसरे त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीचे.

कंपवात हा विकार प्रौढ वयात हळूहळू जडतो. हात स्वस्थ असताना थरथरतो, हालचाली मंदावतात, अंग ताठरते, चालताना हात झुलेनासा होतो आणि सहीचे अक्षर बारीक होत जाते. घरची मंडळी ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. ही फार मोठी चूक होय. १८१७ साली लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी या विकाराचे व्यवस्थित वर्णन केले, म्हणून पाश्चात्त्य वैद्यकात तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात व त्याच्या योगाने हालचालींचे नियमन होते. या पेशी एकामागून एक मरत जातात, आणि निम्म्याच्या आसपास नष्ट होईपर्यंत रोग्याला बहुधा काहीच जाणवत नाही.

या रोगाचे मर्म उलगडण्यास आपल्याकडील एक वनस्पती कारण झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. सर्पगंधेच्या मुळात रेसर्पिन नावाचे द्रव्य असते. ते टोचलेले ससे निश्चल होऊन पडतात. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली अशा सशांना एल-डोपा हे द्रव्य दिले, तेव्हा ते थोड्याच वेळात पुन्हा हिंडूफिरू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. पुढे १९६१ साली व्हिएन्ना येथे रोग्यांवर याचा प्रयोग झाला व १९६७ पासून हा उपचार प्रस्थापित होऊ लागला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गंमत अशी की, हेच एल-डोपा खाजकुहिलीच्या बियांतून मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच वेगळे काढले होते. त्या वेळी त्याचा उपयोग कोणालाच ठाऊक नव्हता. बियांत त्याचे प्रमाण साधारणपणे शेकडा ४ ते ६ भरते. कंपवातावर या बियांचा अनुभव घेणारे संशोधन आपल्या देशात १९७८ साली प्रसिद्ध झाले. लंडन येथे २००४ साली आठ रोग्यांवर केलेल्या तुलनेत ३० ग्रॅम चूर्णाचा गुण सुमारे ३५ मिनिटांत दिसला. नेहमीच्या गोळीला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. तथापि आठ रोगी म्हणजे फार थोडे, हे विसरू नये.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. एल-डोपा हे कमी पडलेल्या द्रव्याची भर घालते. मरणाऱ्या पेशी ते वाचवीत नाही. विहीर आटत असता टँकरने पाणी आणावे, तसे हे आहे. गुण येतो, तो मोलाचाही आहे, पण झरा त्यामुळे जिवंत होत नाही. औषध लवकर सुरू केल्याने रोगाची गती कमी होत नाही, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक चाचणीत आढळले.

पेशी खरोखर वाचविणारे वनस्पतिज द्रव्य शोधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. हळदीतील कर्क्युमिन व हिरव्या चहातील द्रव्ये यांनी काचपात्रातील पेशींवर व उंदरांवर आशा दाखविली. माणसांत मात्र तसा निर्णायक पुरावा मिळालेला नाही, आणि कर्क्युमिन तर आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. तंबाखू ओढणाऱ्यांत व कॉफी पिणाऱ्यांत हा विकार कमी आढळतो, ही पाहणी जुनी आहे. परंतु २०१७ साली कॅफीनची व २०२३ साली निकोटिनच्या पट्ट्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्हींचा उपयोग झाला नाही. सबब विडीला औषध समजण्याचे कारण कोणी शोधू नये.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तर सोडूनच द्यावी. डेरिस वेलीच्या मुळातील रोटेनोन हे जुने कीटकनाशक. मासे मारण्यासही ते वापरीत. २००० साली अमेरिकेत उंदरांना ते सतत दिले असता त्यांच्या मेंदूतील नेमक्या त्याच पेशी मेल्या. २०११ साली तेथील औषध फवारणाऱ्यांच्या पाहणीत रोटेनोन किंवा पॅराक्वाट हे तणनाशक हाताळलेल्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीचपट आढळले. परंतु त्याच पाहणीतील माणसांविषयी २०१५ साली आणखी एक गोष्ट उघडकीस आली. पॅराक्वाट वापरताना जे बहुतेक वेळा हातमोजे घालीत, त्यांच्यात हा वाढलेला धोका दिसला नाही. मेंदूच्या पेशींच्या रक्षणाचे इतके स्वस्त साधन आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही. औषध कालविताना रबरी मोजे घालावेत, नळीचे तोंड फुंकून साफ करू नये, फवारणीनंतर स्नान करून कपडे वेगळे धुवावेत.

खाजकुहिलीकडे परत वळू. तिचे बी घरी दळून रोग्यास देणे धोक्याचे आहे. मोझांबिक देशात १९८९ साली दुष्काळामुळे लोकांनी या बिया खाल्ल्या. पाण्याच्या टंचाईने उकळलेले पाणी फेकून दिले नाही, आणि दोनशेच्या आसपास माणसांना तात्पुरता बुद्धिभ्रंश झाला. आपल्या वैद्यकातही बिया दुधात शिजवून, साल काढून शुद्ध करण्याची रीत आहे, ती उगीच नव्हे. ज्याला डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्याने त्यांना विचारल्यावाचून चूर्ण घेतल्यास मात्रा दुप्पट होऊन अंग वेडेवाकडे हालू लागते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो.

लागवड करावयाची असल्यास पावसाच्या आरंभी बी टोकावे व वेलीस भक्कम आधार द्यावा. कुसे नसलेली जातही आहे. ती हिरवळीच्या खतासाठी प्रसिद्ध असून तिच्या बियांतही एल-डोपा असते. जातीजातींत त्याचे प्रमाण भिन्न असल्याने औषधी कारखाने बी तपासूनच घेतात, तेव्हा पेरण्यापूर्वी ग्राहक ठरवून नमुना दाखवावा. कुसेवाल्या शेंगा तोडताना अंगभर कपडे, मोजे व डोळ्यांना चष्मा असावा. बी वाळल्यावर चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या पोत्यात भरावे आणि वालाच्या किंवा पावट्याच्या बियाण्याशेजारी ते कदापि ठेवू नये.