पडल्यावर लघवीतून रक्त आलं तर



लोकलमधून पडणं, परांचीवरून घसरणं, रिक्षा अंगावर उलटणं आपल्या वस्त्यांना नवीन नाही. अशा मारात कमरेचं हाड मोडलं की सगळे हाडाकडेच बघतात. पण त्या हाडाच्या कड्यात मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी असते. हाडाच्या टोकाने ती फाटते, नाहीतर मूत्रमार्ग तुटतो.

लघवी लाल, जागेवर रक्ताचा थेंब, लागूनही होत नाही, ओटीपोट तट्ट फुगलेलं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सांगा. पुरुषाच्या जागेवर रक्त असेल तर कॅथेटरआधी मूत्रमार्गात डाय सोडून एक्स-रे काढतात. डाय सरळ पिशवीत गेला तर मार्ग शाबूत, बाजूला पसरला तर फाटलेला. न बघता जोराने नळी ढकलली तर अर्धवट फाटलेला मार्ग पूर्ण तुटू शकतो. बाईला अंगावरून रक्त जात असेल तर पाळी समजून गप्प बसू नये.

पिशवीची तपासणी वेगळी, तिला सिस्टोग्राम म्हणतात. मोठ्या माणसाच्या पिशवीत कॅथेटरने निदान 300 मिली डाय भरून सीटी किंवा एक्स-रे काढतात. पिशवी पुरती भरली नाही तर छोटं भोक मिटलेलं राहतं आणि फोटो चांगला दिसतो. म्हणून लघवी लाल असताना ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ यावर घरी येऊ नका. ‘सिस्टोग्राम लागेल का?’ असं विचारा. डाय आतड्यांभोवती पसरला तर ऑपरेशन लागतं. पोटाच्या पडद्याबाहेर राहिला तर बहुतेकदा दोनेक आठवडे कॅथेटरवर भागतं.

हाड न मोडताही भरलेली पिशवी पोटावरच्या एका लाथेने फुटते. संडासच्या रांगेपायी आपल्या बायका तासन् तास लघवी धरून ठेवतात, त्यांना हा धोका जास्त. नवऱ्याने मारलं असेल तर ‘जिन्यावरून पडले’ सांगू नका, मार कुठे लागला ते नर्सला सांगा. दारू पिऊन पडलेल्याचीही पिशवी भरलेली असते. ‘सकाळी उतरेल’ म्हणून त्याला झोपवू नका. पंचशील मोडलं म्हणून उपचाराचा हक्क जात नाही.

रेल्वेत 139, बाहेर 108. राजावाडी, कूपर, कांदिवलीचं बाबासाहेबांच्या नावाचं शताब्दी, जे जवळ असेल ते गाठा. पोलिस केस असली तरी आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय. पुढे केईएम किंवा सायनला पाठवलं तर चिठ्ठीवर लघवीतलं रक्त आणि कॅथेटर घातली की नाही, हे लिहून घ्या. पाळी चुकली असेल किंवा आधी डायची ॲलर्जी झाली असेल, तर फोटोआधीच सांगा.