चिन्ह, संकेत आणि ध्वनी : स्वरलेखन-प्रणालींतील आघातचिन्हांचे वाचन

पाश्चात्त्य स्वरलेखनात स्वराची उंची आणि त्याचा कालावधी ही दोन अंगे बऱ्याच निश्चितपणे लिहिली जातात. तो स्वर कसा उच्चारावा, म्हणजे तोडून की जोडून, ठासून की हळुवार, हे मात्र स्वराच्या वर किंवा खाली काढलेल्या काही लहान खुणा सुचवतात. टिंब म्हणजे स्टकाटो, आडवी रेघ म्हणजे टेनूटो, आडवी पाचर म्हणजे अ‍ॅक्सेंट, उभी पाचर म्हणजे मार्काटो आणि अनेक स्वरांवरून जाणारी कमान म्हणजे स्लर. या खुणा प्रमाण सांगत नाहीत, दिशा सांगतात. संगणकावरील स्वरलेखन-प्रणाली लिहिलेली संहिता वाजवून दाखवू लागल्या, तेव्हा या दिशांचे प्रमाणांत रूपांतर करणे भाग पडले. हे रूपांतर तांत्रिक दिसत असले तरी ते मुळात अर्थनिर्णयनाचे कार्य आहे. म्हणूनच तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने ते विचारार्ह ठरते.

या खुणांचा अर्थ छापील परंपरेतही कधी स्थिर नव्हता. कार्ल फिलिप इमानुएल बाख यांनी १७५३ मधील आपल्या वादनग्रंथात असा नियम दिला, की जो स्वर तोडायचा नाही, जोडायचा नाही आणि पूर्ण धरायचाही नाही, तो त्याच्या निम्म्या मूल्याइतकाच धरावा. म्हणजे कोणतीही खूण नसलेला स्वरही लिहिला तेवढा वाजत नव्हता. डॅनिएल गोटलोब ट्युर्क यांना १७८९ मध्ये हेच प्रमाण फार तोकडे वाटले. लिओपोल्ड मोझार्ट यांच्या १७५६ मधील व्हायोलिनविषयक ग्रंथानुसार स्लरखालील पहिला स्वर किंचित जोरकस असतो, म्हणजे कमानीतच एक न लिहिलेला आघात दडलेला असतो. बेथोव्हेन यांनी १८२५ मध्ये कार्ल होल्झ यांना लिहिलेल्या पत्रात टिंब आणि उभी रेघ या दोन खुणा एक समजू नयेत, अशी ताकीद नकलकारांसाठी दिली होती. खुणेचा अर्थ काळ, वाद्य, शैली आणि शेजारची खूण यांवर अवलंबून असतो, हेच या उदाहरणांवरून दिसते.

यंत्राला असे सापेक्ष अर्थ सहजी पेलत नाहीत. १९८३ मध्ये रूढ झालेल्या मिडी या संकेतप्रणालीत स्वराचा आरंभ, शेवट आणि आरंभीचा जोर यांची नोंद होते. या जोराला व्हेलॉसिटी म्हणतात आणि त्याचे मूल्य १ ते १२७ या मर्यादेत असते. त्यामुळे प्रत्येक खुणेला मुख्यतः चार मार्गांनीच ध्वनिरूप देता येते : जोर वाढवणे, कालावधी बदलणे, आरंभ थोडा मागेपुढे करणे किंवा निराळा ध्वनिनमुना निवडणे. सिबेलियस या प्रणालीत अशा नियमांच्या संग्रहाला ‘डिक्शनरी’ म्हणजे कोश असेच नाव आहे आणि ते अन्वर्थक आहे. कोशातील प्रतिशब्द जसा संदर्भाआधी ठरलेला असतो, तसाच खुणेचा हा अर्थही.

कोशाधारित भाषांतराच्या मर्यादा येथेही लगेच दिसतात. समजा, स्टकाटो म्हणजे निम्मा कालावधी असा नियम आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेचा स्वर पाव सेकंद वाजेल आणि तुटक वाटेल. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत दोन मात्रांचा स्वर त्याच नियमाने पूर्ण एक सेकंद वाजेल. तेथे तुटकपणा जाणवण्याऐवजी स्वर अर्ध्यावर सोडल्यासारखा वाटेल. आता समजा, अ‍ॅक्सेंटने जोर एकचतुर्थांशाने वाढतो. ८० या मूल्याचा स्वर १०० होईल. पण ११२ चा स्वर १४० होऊ शकत नाही, तो १२७ वर अडकेल. परिणामी संगीत जेथे सर्वांत प्रबळ असते, नेमका तेथेच आघात झाकला जातो. पाइप ऑर्गनमध्ये कळ किती जोराने दाबली यावर ध्वनीचा मोठेपणा ठरत नाही. वादक आधीचा स्वर आखडता घेऊन किंवा पुढचा क्षणभर रोखून आघाताचा आभास निर्माण करतो. केवळ जोर वाढवणारा नियम अशा वाद्यावर मुकाच राहतो.

या मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न झाले. फिनाले या प्रणालीच्या २००४ च्या आवृत्तीत ‘ह्यूमन प्लेबॅक’ ही सोय आली. तीत बरोक, रोमँटिक, जॅझ अशा शैली निवडता येत आणि निवडीनुसार त्याच खुणांचे ध्वनिरूप बदलत असे. खुणेचा अर्थ शैलीच्या संकेतव्यूहात ठरतो, याची ही एका परीने कबुलीच होती. (फिनालेचा विकास २०२४ मध्ये थांबवण्यात आला.) नोटपरफॉर्मर ही स्वीडिश ध्वनिप्रणाली वादन सुमारे एक सेकंद लांबवते आणि त्या अवधीत पुढचे स्वर आधीच वाचून घेते. वाक्याचा रोख कळल्याखेरीज शब्दावर आघात कोठे द्यावा हे वाचकाला ठरवता येत नाही. तशीच ही सोय आहे. २०१६ मध्ये आलेल्या डोरिकोमध्ये लिहिलेला कालावधी आणि वाजलेला कालावधी यांची नोंद स्वतंत्र ठेवली जाते. संहिता आणि तिचे वाचन यांतील हा भेद प्रणालीच्या रचनेतच उतरला आहे.

तरीही संहिताचिकित्सेचा प्रश्न उरतोच. शुबर्ट यांच्या हस्तलिखितांत अ‍ॅक्सेंटची पाचर अनेकदा इतकी लांब असते, की ती क्रमशः मंदावण्याच्या खुणेसारखी दिसते. त्यांच्या सी मेजरमधील ‘ग्रेट’ सिंफनीचा अखेरचा स्वर ठासून वाजवावा की विरत जाऊ द्यावा, हा वाद त्यातूनच उद्भवला. हस्तलिखितात ही एकच संदिग्ध रेघ आहे. संगणकाच्या दृष्टीने मात्र या दोन निराळ्या वस्तू आहेत : एक स्वराला जडलेली, दुसरी आरंभ आणि शेवट असलेली. टंकलेखकाने एक निवडताच प्रणाली त्या संपूर्ण कृतीचा शेवट ठरवून टाकते. छापील पानावर संपादकाला तळटीप देता येते. ध्वनीला तळटीप नसते.

याउलट मेसियाँ यांची १९४९ मधील ‘मोद द व्हॅलर ए दँतांसिते’ ही पियानोरचना पाहावी. तीत ३६ स्वर, २४ कालावधी, १२ प्रकारचे आघात आणि ७ तीव्रता आधीच नेमून दिल्या आहेत. येथे कोष्टक रचनेच्या आधी येते आणि प्रत्येक स्वराची कालावधी, आघात व तीव्रता यांच्याशी कायमची सांगड घातलेली असते. कोशाधारित वाचनाला सर्वांत जवळची संहिता म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येईल. पण त्या बारांतील शेजारशेजारच्या आघातांमधला फरक पियानोवर ऐकू येईल असा वाजवणे वादकालाही कठीण जाते. म्हणजे खुणा नेमून दिल्या तरी त्यांचे ध्वनिरूप वाद्य आणि वादक यांवाचून सिद्ध होत नाही.

या साऱ्याचा परिणाम ऐकण्यापुरता राहत नाही. तरुण रचनाकार आपली संहिता प्रथम प्रणालीकडूनच ऐकतो. आघात पुरेसा ऐकू आला नाही, तर तो आणखी एक खूण वाढवतो. वादकासमोर येणारे पान मग अनावश्यक खुणांनी भरते. यंत्रासाठी केलेली दुरुस्ती अशा रीतीने माणसासाठी लिहिलेल्या संहितेत शिरते. भातखंडे यांच्या स्वरलिपीतील मींड आणि कणस्वर यांच्या खुणा गुरुमुखातून मिळालेल्या ज्ञानाची आठवण देतात, त्याची जागा घेत नाहीत. पाश्चात्त्य खुणांमागेही अशीच मौखिक परंपरा उभी आहे, फक्त छापील पानाच्या प्रतिष्ठेमुळे ती सहसा नजरेआड होते.

प्रणालीचे पूर्वनियोजित वादन तटस्थ भासते, कारण त्यावर कोणा वादकाचे नाव नसते. परंतु निनावी असले तरी ते एक वाचनच आहे. नियम लिहिणाऱ्यांनी कोणत्या परंपरेला सामान्य मानले, याची ती नोंद असते. अभ्यासकाने त्याकडे निर्णय म्हणून न पाहता एका भाषांतराची प्रत म्हणून पाहावे, मूळ संहितेशी ताडून घ्यावे आणि जेथे अंतर पडते तेथे कोणता संकेत गृहीत धरला गेला ते विचारावे. खुणेचे मौन कोठे संपते आणि वाचकाचे बोलणे कोठे सुरू होते, याचा शोध साहित्याच्या अभ्यासाइतकाच या क्षेत्रातही अपुरा आहे.