चोवीस तासांच्या बातम्या आणि एक विनोदी चित्रपट

दूरचित्रवाणीवर बातम्या सांगणाऱ्या व्यक्तीवर आपण सहज विश्वास ठेवतो. नीटनेटका पोशाख, स्थिर नजर आणि भारदस्त आवाज एवढ्यावरूनच ती व्यक्ती जाणकार आहे असे आपण धरून चालतो. या समजुतीची थट्टा करणारा ‘अँकरमॅन’ हा अमेरिकन विनोदी चित्रपट २००४ साली आला. त्याचा नायक रॉन बर्गंडी हा १९७०च्या दशकातील सॅन दिएगो शहराचा लाडका वृत्तनिवेदक. आवाज मोठा, बुद्धी बेताची आणि अहंकार अफाट! समोरच्या पडद्यावर जे उमटेल ते तो अर्थ न पाहता वाचतो. एकदा त्या मजकुरात मुद्दाम शिवी घातली जाते, तर तीही तो प्रेक्षकांना शांतपणे ऐकवतो.

याच कथेचा पुढचा भाग, ‘अँकरमॅन २’, डिसेंबर २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ॲडम मॅके आणि नायकाची भूमिका करणारा विल फेरेल या दोघांनीच तो लिहिला. पहिल्या भागात थट्टेचा विषय एक माणूस होता; येथे तो संपूर्ण व्यवसाय आहे.

त्यासाठी निवडलेला काळ मोठा सूचक आहे. अमेरिकेत तोवर राष्ट्रीय वाहिन्यांवर सायंकाळचे बातमीपत्र अर्ध्या तासाचे असे. एवढ्या वेळात काय सांगावे आणि काय वगळावे, याची निवड संपादकाला करावीच लागे. १ जून १९८० रोजी टेड टर्नर यांनी अटलांटा येथे सीएनएन ही चोवीस तास बातम्या देणारी वाहिनी सुरू केली. आता प्रश्न उलटा झाला. एवढा वेळ भरायचा कशाने?

चित्रपटात बर्गंडी न्यूयॉर्कमधील अशाच एका काल्पनिक वाहिनीत येतो. त्याच्या वाट्याला रात्री दोन ते पहाटे पाचची वेळ येते. शिवाय एका प्रतिस्पर्धी निवेदकाशी अधिक प्रेक्षक मिळवण्याची पैज लागलेली असते. तेव्हा त्याला एक कल्पना सुचते : लोकांना जे कळायला हवे ते सांगण्याऐवजी त्यांना जे ऐकायला आवडते तेच का सांगू नये? ही कल्पना तो कपटाने मांडत नाही, भोळेपणाने मांडतो. विनोदाची खरी धार येथेच आहे. एखाद्या धूर्त माणसाचे कारस्थान असते तर प्रेक्षक त्याला दोष देऊन मोकळे झाले असते.

पुढे एक प्रसंग येतो. बर्गंडीची पत्नी व्हेरोनिका स्वतः निष्णात पत्रकार असते. ती दुसऱ्या वाहिनीवर पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांची मुलाखत घेत असते. त्याच वेळी बर्गंडी पोलिसांनी चालवलेला एका मोटारीचा पाठलाग थेट दाखवू लागतो. प्रेक्षक मुलाखत सोडून मोटारीकडे वळतात. मोटारीत कोण आहे, याच्याशी त्यांचा काहीही संबंध नसतो. पण पुढे काय होणार ही उत्सुकता त्यांना खिळवून ठेवते. असे प्रक्षेपण स्वस्तही पडते, कारण दृश्य स्वतःच चालू राहते आणि निवेदकाने केवळ बोलत राहायचे असते. जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन या प्रसिद्ध खेळाडूच्या मोटारीचा लॉस एंजेलिस परिसरातील पाठलाग कोट्यवधी अमेरिकनांनी खरोखरच असा पाहिला होता. भारतातही जुलै २००६ मध्ये हरियाणात कूपनलिकेत पडलेल्या एका बालकाची सुटका वाहिन्यांनी सुमारे दोन दिवस थेट दाखवली. तेथे निदान एका जिवाचा प्रश्न होता.

वाहिनीच्या मालकाची विमान कंपनीही असते. तिच्यावर टीका करणारी बातमी दाबली जाते, आणि आपले यश कोणाच्या सोयीचे आहे हे बर्गंडीच्या उशिरा ध्यानात येते. हा धागा अधिक खुलवता आला असता. पण चित्रपट अनेकदा निव्वळ वेडेपणात रमतो. शेवटी निरनिराळ्या वाहिन्यांचे चमू शस्त्रे घेऊन उद्यानात एकमेकांवर तुटून पडतात. हा प्रसंग गमतीदार असला तरी लांबला आहे. बर्गंडी मात्र त्याआधीच थेट प्रक्षेपण अर्ध्यावर सोडून निघालेला असतो. त्याच्या लहान मुलाचे पियानोवादन असते आणि त्याला तेथे वेळेवर पोहोचायचे असते.