जखडलेले ब्रेक
25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील अनेक मोटारी कित्येक आठवडे जागीच राहिल्या. हातब्रेक ओढून अशी दीर्घकाळ उभी ठेवलेली मोटार पुढे हलेनाशी होते. याचे कारण गंज होय. मागील चाकाचा बिडाचा ड्रम ओलावा व प्राणवायू यांच्या योगाने गंजतो आणि त्यास टेकलेले ब्रेकचे अस्तर चिकटून बसते. इंजिनाचा जोर लावल्यास अस्तर उखडते व पुढे ऐन वेळी ब्रेक दगा देतो. म्हणून हातब्रेक सोडून मोटार हलकेच मागेपुढे करावी. तरीही न सुटल्यास कारागिरास बोलवावे. दीर्घकाळ ठेवावयाची मोटार सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना विटांची अटक लावून, हातब्रेक मोकळा सोडून उभी करावी.