हप्ता, बचत आणि रक्तदाब

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय त्र्याहत्तर. रक्तदाब 180/104. नऊ वर्षे माझ्याकडे औषध चालू आहे, एवढा कधीच नव्हता. "गोळ्या रोज घेता ना?" असे विचारले तर गप्प. मग हळूच म्हणाले, "एक दिवसाआड घेतो, डॉक्टर. तीस गोळ्या दोन महिने पुरतात."

पेन्शन आहे, पोस्टात ठेवी आहेत. मग ही काटकसर कशासाठी? "मुलाचे हप्ते चालू आहेत. उद्या थकले तर?"

आठच दिवसांपूर्वी तोच मुलगा एकटा येऊन गेला होता. वय अडतीस. छातीत धडधड, रात्री दोन-अडीचला जाग. ईसीजी, रक्त, थायरॉईड सगळे ठीक. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, आणि ते भागवण्यासाठी मोबाईलवरून काढलेले आणखी एक कर्ज. झोपेची गोळी मागत होता. मी दिली नाही. जाताना म्हणाला, "अण्णांना कळू देऊ नका."

वाचकहो, चूक कोणाची, हे मला सांगता येत नाही. अण्णांच्या पिढीला कर्ज म्हणजे सावकार आणि गावात खाली गेलेली मान. 1988 साली किसान विकासपत्र निघाले, तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत. त्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन ती पत्रे ट्रंकेत जपली. मुलगा साठवत बसला असता तर पन्नाशीपर्यंत भाड्याच्या घरातच राहिला असता. मी स्वतः 1998 साली दवाखान्यासाठी बँकेचे कर्ज काढले, तेव्हा माझे वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

पण रक्तदाबाच्या गोळीत बचत करू नये, हे मात्र मी ठासून सांगतो. डोके दुखत नाही म्हणजे दाब ठीक, हा मोठा गैरसमज आहे. वाढलेला दाब बहुतेकांना जाणवतच नाही; जाणवतो तो थेट पक्षाघात झाल्यावर. मग वाचवलेल्या गोळ्यांच्या कितीतरी पट रक्कम एका आठवड्यात जाते. खर्च जड होत असेल तर डॉक्टरांना सांगावे, लाजू नये. जनऔषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

तसेच, पैशाच्या काळजीने झोप उडाली असेल, जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येत असेल, तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. तो क्रमांक मी मुलाला लिहून दिला. मात्र धडधडीचे खरे कारण घरातच होते. अण्णांचा दाब पाहिल्यावर मी मुलाला पुन्हा बोलावून घेतले आणि स्वतः सांगण्याची गळ घातली. तीन दिवस त्याने टाळले.

चौथ्या दिवशी दोघे माझ्यासमोर बसले. (ही हकिगत दोघांच्या परवानगीने, ओळख बदलून लिहीत आहे.) मुलाने मान खाली घालून आकडा सांगितला. अण्णा बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. मग खिशातले पेन काढून माझ्या चिठ्ठीच्या मागे बेरीज मांडू लागले. "गाडीचे किती राहिलेत? व्याज किती टक्के?" बाहेर पेशंट खोळंबले होते. मी त्यांना उठवले नाही.