झटपट... पण कुणाच्या जिवावर?

रात्रीचे साडेनऊ. नवरा हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून नुकताच घरी पोचलेला, माझा लेख अजून अर्धवट, आणि दोघांच्याही डोक्यात एकच प्रश्न... खायचं काय? गेली तीन वर्षं आमच्याकडे याचं उत्तर फिक्स होतं. भाजणीचा डबा! कांदा-कोथिंबीर चिरा, तिखट-मीठ-हळद टाका, कोमट पाण्यात भिजवा आणि थापा. पंधरा मिनिटांत गरमागरम थालीपीठ. मैत्रिणींनी 'तुम्ही दोघं मॅनेज कसं करता गं?' असं विचारलं, की मी मोठ्या ऐटीत हा फंडा सांगायचे.

मार्चमध्ये डबा संपला. नेहमीप्रमाणे पौडला आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, मनगट मोडलंय माझं. महिना झाला, प्लास्टर आहे." मग जरा थांबून, "पीठ संपलं की तुमचे फोन येतात. तोवर कुणाला आत्या आठवत नाही."

हसतच म्हणाली, पण लागायचं ते लागलं. 'तुमचे' म्हणजे आम्हा भाचरा-पुतण्यांच्या सात घरांचे. सात डबे भरायला तिचे दोन दिवस जातात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या आठवड्यात दुकानातून एक तयार पाकीट आणलं. नुसती धन्याची चव! शेवटी शनिवारी सकाळी आम्ही दोघं निघालो.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट आणि मग पौड. ताम्हिणीला पळणाऱ्या वीकएण्डवाल्यांसाठी पौड म्हणजे चहाचा ब्रेक. खरं तर हे मुळशी तालुक्याचं मुख्य गाव, आणि हिंजवडीही याच तालुक्यातली. म्हणजे नवऱ्याचं ऑफिस आणि आत्याची चूल एकाच तालुक्यात! तरी पाकिटं पोचवायला आजवर तीच यायची. पीएमटीने, दोन पिशव्या घेऊन.

आत्याने पत्र्याचं जुनं मापटं काढून ठेवलं होतं. बाजरी दोन मापटी, ज्वारी एक, तांदूळ एक. हरभऱ्याची डाळ एक चिपटं, उडदाची एक चिपटं. चिपटं म्हणजे मापट्याच्या निम्मं. आपल्या फ्लॅटच्या हिशेबात सांगायचं तर बाजरी 4 वाट्या, ज्वारी 2, तांदूळ 2, दोन्ही डाळी एकेक वाटी. शिवाय अर्धी वाटी गहू, अर्धी वाटी धने आणि दोन चमचे जिरं. मुळशी भाताचा तालुका, म्हणून मी उत्साहाने विचारलं, "आंबेमोहोर घालायचा ना?" आत्याने कपाळाला हात लावला. चांगला हात. "तो वासाचा तांदूळ भाताला. भाजणीला जाडा." तोही तिने आदल्या दिवशी शेजारणीकडून धुऊन सावलीत वाळवून घेतला होता.

मग भाजायला कोण बसणार? मी पदर... सॉरी, ओढणी खोचतच होते, तर आत्या म्हणाली, "तू लिहून घे. जावईबापू, तुम्ही या." परातीएवढी कढई, खाली चूल आणि समोर आमचा प्रोजेक्ट मॅनेजर! शेजारच्या दोन बायका मुद्दाम बघायला आल्या. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण दाणा वेगळा, आच वेगळी. बाजरी तडतडायला लागली की उतरायची, उडीद डाळ गुलाबीसर झाली की लगेच. धने-जिरं सगळ्यात शेवटी, कढईच्या उरलेल्या उष्णतेवर. "हात थांबला की करपलं," आत्या दर पाच मिनिटांनी. तो थांबला. अर्धी उडीद डाळ करपली. ती बाजूला काढून पुन्हा पहिल्यापासून.

एवढा खटाटोप कशासाठी? बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडवट होतं, हे आपल्याला माहीत असतं. बाजरीत तेल जास्त, आणि दळल्यावर दाण्यातलंच एक एन्झाइम त्या तेलाला खवट करायला लागतं. आधी भाजलं, की उष्णतेने ते निकामी होतं आणि दाण्यातला ओलावाही जातो. म्हणून हे पीठ दोन महिने टिकतं. उडदाने चिकटपणा येतो, तांदळाने कुरकुरीतपणा. अमेरिकेत 1931 साली 'बिस्क्विक' नावाचं रेडी मिक्स बाजारात आलं. आपल्या पुण्यात 'गिट्स' 1963 साली सुरू झालं. भाजणीला मात्र असं कुणी लाँच केलं नाही!

दुपारी सगळं पंख्याखाली गार केलं. गरम दळलं तर पिठाला घाम सुटतो, गुठळ्या होतात. गिरणीवाल्याने विचारलं, "कशावर टाकू?" मी गोंधळले. आत्याने मागून उत्तर दिलं, "ज्वारीवर. आणि जरा रवाळ ठेव." संध्याकाळी पाच वाजता आमच्या हातात दोनच डबे पीठ होतं. नवऱ्याच्या हाताला दोन फोड.

या डब्याचा उपयोग थालीपिठापुरता नाही. हिंग-मोहरीच्या फोडणीत कांदा परतून, ताकाचा हबका मारून वाफवली की मोकळ भाजणी. पीठ पातळ भिजवलं की धिरडी. ओव्हनवाल्यांनी निम्मी कणीक, तेलाचं मोहन, तीळ आणि ओवा घालून घट्ट मळावं, पातळ लाटून कापावं आणि 180 डिग्रीवर खमंग होईपर्यंत भाजावं. चहाबरोबर एकदम हटके! आमची पहिली ट्रे जळाली, दुसरी पंधरा मिनिटांत काढली ती छान झाली.

त्या रात्री घरी येऊन थालीपीठ लावलं. उलटताना मोडलं. नवऱ्याने तुकडे गोळा करून लोण्याबरोबर खाल्ले आणि उरलेलं पीठ किती आहे ते डबा उघडून दोनदा बघितलं.

बाकीच्या घरांना मी फोन करून सांगितलं, की या वेळी पाकीट येणार नाही, करायचं असेल तर या, शिकवते. दोघींनी हो म्हटलं, एकीने 'बघू' म्हटलं. आत्याचं प्लास्टर एप्रिलच्या शेवटी निघालं. परवा तिचाच फोन. "पावसाच्या आत माझा डबा भरून आणा. आणि जावईबापूंना म्हणावं, उडीद नीट भाजा."