कांद्याच्या गाभ्यात काय असतं? 'मी'चा शोध : तत्त्वज्ञानात आणि साहित्यात

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, 'मी म्हणजे कोण?' विषय जुना आहे, आणि ऐकताना जरा रिकामटेकड्यांचाही वाटतो. बाजार समितीत लिलावासाठी ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या माणसाला 'तू कोण?' विचारलं, तर तो गाव सांगेल, आडनाव सांगेल, किती एकर कांदा आहे ते सांगेल आणि आपल्या कामाला लागेल. पण त्याच्या एवढ्याशा उत्तरातच सगळा प्रश्न दडलेला आहे. गाव, आडनाव, जमीन यांतलं 'मी' नेमकं कुठलं? आणि यातलं एखादं हातचं गेलं, तर मागे उरतो तो मीच का?

आपण लासलगावात बसलो आहोत. इथली बाजार समिती 1947 सालची, आणि कांद्याची मोठी बाजारपेठ म्हणून गावाचं नाव देशभर. तेव्हा उदाहरणही कांद्याचंच घेऊ. गंमत अशी की, जगाच्या साहित्यानेही या प्रश्नासाठी कांदाच हातात घेतलेला आहे.

नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन. त्याचं 'पेअर गिंट' हे नाटक 1867 सालचं. नायक पेअर आयुष्यभर भटकतो. व्यापारी होतो, परदेशात संदेष्टा म्हणून मिरवतो, अनेक सोंगं वठवतो. म्हातारपणी मायदेशी परततो तेव्हा एका प्रसंगी तो कांदा सोलू लागतो. एकेक पापुद्रा म्हणजे आपल्या आयुष्यातलं एकेक सोंग, असं म्हणत सोलत जातो. शेवटी हातात काहीच उरत नाही. पापुद्रेच पापुद्रे, आत गाभा नाहीच.

आता आपल्याकडे बघा. तैत्तिरीय उपनिषदात माणसाचे एकात एक असे पाच थर सांगितले आहेत : अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय. आपण त्यांना पंचकोश म्हणतो. म्हणजे सोलण्याची क्रिया तीच. शरीर म्हणजे मी नाही, श्वास म्हणजे मी नाही, मन म्हणजेही मी नाही, असं करत आत जायचं. फरक शेवटी आहे. पेअरच्या हाती शून्य येतं. वेदान्ती मात्र म्हणतो, सगळं सोललं गेलं तरी सोलणारा उरलाच ना? सगळ्याला पाहणारा तो साक्षी, तोच आत्मा.

तिसरी बाजू बौद्ध परंपरेची. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतात, तू रथात बसून आलास, तर रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला 'नाही' म्हणतो. आपण रथाऐवजी ट्रॅक्टर घेऊ. टायर म्हणजे ट्रॅक्टर नाही, इंजिन म्हणजे ट्रॅक्टर नाही, स्टिअरिंग म्हणजेही नाही. मग हे सगळं सोडून वेगळा असा ट्रॅक्टर कुठे आहे? कुठेच नाही. सगळे भाग एका रीतीने जुळून आले की त्या जुळणीला आपण व्यवहारात ते नाव देतो. 'मी' हेही असंच जुळणीला दिलेलं नाव. पुढे 1739 मध्ये स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आपल्या मार्गाने अशाच ठिकाणी पोचला. त्याचं म्हणणं, मी स्वतःच्या आत डोकावतो तेव्हा थंडी, ऊन, राग, प्रेम असा एखादा अनुभव सापडतो. या अनुभवांहून वेगळा 'मी' कधीच सापडत नाही.

तर एक म्हणतो गाभा आहे, दुसरा म्हणतो नाही. निकाल कसा लावायचा? आम्हाला वाटतं, इथे शेतकऱ्याच्या नजरेने कांदा पाहायला हवा. पेअर गिंटने कांदा सोलला तो खाणाऱ्यासारखा. लावणाऱ्याने पाहिला असता, तर त्याला दोन गोष्टी दिसल्या असत्या. कांद्याचे थर म्हणजे पातीचेच फुगलेले बुडखे. ते सगळे खाली एका चपट्या, कठीण तळाला जोडलेले असतात. तो तळ म्हणजे कांद्याचं खोड. मुळं तिथूनच फुटतात. आणि मधोमध असतो कोंब. चाळीतल्या उन्हाळ कांद्याला पावसाळा सरता सरता कोंब येतो, तो तिथूनच. बियाण्यासाठी अख्खा कांदा पुन्हा मातीत लावला, की डोंगळे येतात आणि उळे मिळतं. म्हणजे कांद्याच्या आत वेगळी ठेवलेली गोटी नाही, हे खरं. पण 'काहीच नाही' हेही खरं नाही. थरांना धरून ठेवणारं काहीतरी आहे, आणि पुढे वाढणारं काहीतरी आहे. सोलत बसलं की ही दोन्ही हातून जातात.

तेव्हा 'सगळं काढल्यावर काय उरतं?' या प्रश्नाशेजारी आणखी प्रश्न ठेवायला हवेत. हे थर चढले कसे? कोणी चढवले? उतरवायचे झाले तर किंमत कोण मोजतो? आणि इथे आपल्याला साहित्याकडे वळावं लागतं. कारण तत्त्वज्ञान 'माणूस' म्हणून बोलतं. साहित्याला मात्र एक विशिष्ट माणूस घ्यावा लागतो, त्याच्या नावागावासकट.

पहिलं पुस्तक आपल्याच जिल्ह्यातल्या बाईचं. लक्ष्मीबाई टिळक, जन्म 1868, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. माहेरी वडिलांचं सोवळं अतिशय कडक. लग्नात मनूची लक्ष्मी झाली, म्हणजे नावाचा थर दुसऱ्यांनीच बदलला. पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण सोवळं लगेच सुटलं नाही. एकाच घरात नवऱ्याचा धर्म वेगळा आणि बायकोची चूल वेगळी. मग विचार करत करत, एकेक बंधन सोडत, 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. धर्म कुठला, हा इथे आपला मुद्दा नाही. मुद्दा हा की, हातातलं पाणी कुणाचं चालतं, या साध्या गोष्टीत माणसाचा 'मी' किती खोल रुतलेला असतो, हे त्या हसत हसत दाखवतात. आणि इतके थर उतरले तरी पहिल्या पानावरची मनू शेवटपर्यंत ओळखू येते. तळ शाबूत राहतो.

दुसरं पुस्तक, दया पवार यांचं 'बलुतं', 1978 सालचं. लेखकाचं मूळ नाव दगडू मारुती पवार. या आत्मकथनाची रचनाच अशी की दगडू आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसातले दोघे. एक शिकलेला, नोकरीतला, लेखक म्हणून मान मिळालेला. दुसरा महारवाड्यातून आलेला. आपल्याकडे जोड कांदा असतो, एका सालीत दोन कोंब, तसं काहीसं. बाजारात जोड कांद्याला भाव कमी. समाजातही दुभंगलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. इथे 'तू म्हणजे तुझी जात नव्हेस, तू आत्मा आहेस' असं नुसतं सांगून भागत नाही. कारण हा थर दगडूने स्वतःवर चढवलेला नाही, आणि त्याने उतरवला तरी गाव तो पुन्हा चढवतं.

तिसरं, वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट', 1970. अप्पा बेलवलकर रंगभूमीवर राजे होते, घरात बाप होते. निवृत्त झाले, मिळकत मुलांना वाटून दिली, आणि बघता बघता कुणीच उरले नाहीत. त्यांनी काही सोललं नव्हतं. समोरच्यांनी ओळख देणं थांबवलं, आणि थर आपोआप गळून पडले. 'मी' धरून ठेवणाऱ्या तळात दुसऱ्यांचीही मुळं असतात, हे यातून कळतं.

आता यातला सगळ्यात मोठा प्रसंग शेजारच्या येवल्याचा. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह 1930 मध्ये सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. जन्म हातात नव्हता; पुढचं हातात आहे. मग 21 वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आत्म्याची कल्पना नाकारलेली आहे. हा योगायोग समजू नका. माणूस जन्मतःच आतून कायमचा ठरलेला असेल, तर त्याला उच्चनीच ठरवणं सोपं होतं. माणूस घडत असेल, तर तो नव्याने घडू शकतो. अनात्मवाद भिक्खूंच्या वादविवादातून उठून लाखो लोकांच्या जगण्यात आला, तो असा.

म्हणून आम्ही म्हणतो, 'मी कोण?' हा रिकामटेकड्यांचा प्रश्न नाही. जो स्वतःला एकाच थराशी जखडून घेतो, त्याचा तो थर गेला की तो सगळाच जातो. आपल्या भागात हे आपण पाहतो. भाव पडला की माणूस पडतो. ट्रॉलीतल्या मालाची गोल्टी, खाद अशी प्रतवारी होते, आणि घरी जाताना माणूस स्वतःचीच प्रतवारी करू लागतो. कर्ज खरं आहे, नुकसान खरं आहे, त्याची उत्तरं धोरणात आणि बाजारातच शोधावी लागतील. तत्त्वज्ञानाने फेड होत नाही. पण नुकसान झालं म्हणजे मी संपलो, हे दुसरं वाक्य पहिल्यातून निघत नाही, एवढं तत्त्वज्ञान नक्की दाखवून देतं. आणि अशा वेळी माणसाला ओळख देत राहायचं काम शेजाऱ्यांचं आहे, हे साहित्य दाखवून देतं.

मराठीत 'भाव' या शब्दाचे अर्थ अनेक. भाव म्हणजे दर, भाव म्हणजे मनातली भावना, आणि तत्त्वज्ञानाच्या भाषेत भाव म्हणजे असणं. यातला दर तेवढा लिलावात ठरतो. बाकीचे दोन तिथे ठरत नाहीत.

इथे थांबू. आता आपण प्रश्न घेऊ.